मनौसला कधी जायचं? नदीला विचारून

मागच्या अंकात मी ब्राझीलमधल्या मनौस शहराबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या. अमेझॉनच्या जंगलाच्या काठावर, रिओ नेग्रो नावाच्या काळ्या पाण्याच्या नदीवर वीस लाखांवर माणसांचं शहर आहे आणि कृष्णाकाठच्या माणसानं ते एकदा तरी बघावं, एवढंच. त्यावर इतके मेल आणि व्हॉट्सॲप आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. प्रश्न थोडे छाटलेत, कुणाचीही नावं टाकलेली नाहीत, गाव तेवढं ठेवलंय.

ताई, एजंट म्हणतो वर्षभरात कधीही चला. जून बरा की ऑक्टोबर? आणि खरं सांगू का, आम्ही गावभागातली माणसं, पूर बघून बघून जीव विटलाय, एवढे पैसे घालून तिथं जाऊन परत पाणीच बघायचं का?
— गावभाग, सांगली

दादा, मीही गावभागातलीच, त्यामुळं तुमचा प्रश्न वाचून आधी गप्पच बसले थोडा वेळ. पण याचं उत्तर सगळ्यात मोठं देणार आहे.

एजंटचं "कधीही चला" अर्धंच खरं. मनौस विषुववृत्ताच्या जरा खाली, ३ अंश दक्षिणेला आहे, त्यामुळं तिथं आपल्यासारखा हिवाळा-उन्हाळा नाही, रात्री २४ आणि दिवसा ३२-३३, बारा महिने तेच, घाम तोच. बदलते ती नदी. साधारण नोव्हेंबरपासून पाणी चढायला लागतं, चढत चढत जूनच्या मध्याला सगळ्यात वर जातं, मग उतरायला लागून ऑक्टोबर-नोव्हेंबरात तळाला जातं. आणि या तळ-माथ्यातलं अंतर सरासरी १० मीटर, म्हणजे ३३ फूट! दरवर्षी. पूर आला म्हणून नाही, नेहमीचंच. म्हणजे जूनमध्ये तुम्ही होडीत बसून ज्या झाडाच्या शेंड्याला हात लावाल, त्याच झाडाखालून ऑक्टोबरमध्ये चालत जाल आणि मान वर करून बघाल. दोन वेगळी गावं आहेत ती, एकाच नावाची.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडं येते. आपल्याकडं पाणी कसं येतं ते तुम्हाला मी काय सांगू. कोयनेतून विसर्ग वाढवल्याचा मेसेज येतो, आयर्विन पुलाखाली ४० फूट झालं की इशारा, ४५ ला धोका, आणि मग रात्रीत फुटाफुटानं चढतं, दत्तनगर, कर्नाळ रोड, मग आपण. २०१९ ला ५७ फुटांवर गेलं तेव्हा आम्ही आईला खुर्चीसकट उचलून बोटीत घातलं होतं आणि धान्य, फोटो, आमच्या दादांचा हार्मोनियम सगळं खालीच राहिलं. आपला पूर हा पळायला लावणारा पूर. तिथलं पाणी दिवसाला काही सेंटिमीटर चढतं, सात-आठ महिने चढत राहतं, आणि माणसं त्याच्याबरोबर घर चढवतात.

मी गेले तो जून होता. एका वस्तीत वाटाड्या घेऊन गेला तिथं घरं लाकडी खांबांवर, त्याला पालाफिता म्हणतात, पण त्या घरातही पाणी शिरलेलं. तर त्यांनी घरातल्या घरात फळ्यांची दुसरी जमीन केलेली, तिला मरोंबा म्हणतात. पाणी आणखी चढलं की फळ्या आणखी एक वीत वर. छप्पर काही वर जात नाही, त्यामुळं त्या घरातली बाई वाकून चालत होती, वाकूनच चुलीवरचं भांडं उतरवत होती, पण फ्रिज वर होता, गॅस वर होता, पोरांची दप्तरं खिळ्याला होती. काही घरं तर सरळ तरंगती, जाड ओंडक्यांवर बांधलेली, नदी वर तर घर वर, नदी खाली तर घर खाली. मोठ्या बंदराचा धक्कासुद्धा तरंगता आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज इंजिनियरांनी केलेला, कारण पक्का बांधला असता तर अर्धं वर्ष पाण्याखाली आणि अर्धं वर्ष हवेत.

त्या बंदरात एका भिंतीवर दरवर्षीची सगळ्यात वरची पातळी लिहून ठेवलीय. २०२१ च्या जूनचा आकडा ३०.०२ मीटर, आजवरचा सगळ्यात मोठा. ही खोली नव्हे, पट्टीवरचं वाचन, आपल्या आयर्विन पुलाच्या पट्टीसारखंच. त्या भिंतीसमोर मी किती वेळ उभी होते सांगता येत नाही. आपल्याकडं भिंतीवरची पुराची खूण आपण रंग देऊन पुसतो, मीही पुसलीय.

हे ऐकून तिथं सगळं छान आहे असं समजू नका. २०२१ ला जुन्या मार्केटजवळच्या रस्त्यांवर पाणी होतं, लोक फळ्यांच्या पुलावरून दुकानात जात होते, आणि ओढ्यांच्या काठच्या गरीब वस्त्यांत घाण पाणी महिनोन्‌महिने घराखाली साचून राहतं, आजारपण येतं. पण पाणी येणार हे कॅलेंडरात धरलेलं आहे. मला ते बघायचं होतं आणि माझं मत विचाराल तर तुम्हीही बघा. मे-जून-जुलैत जा. पांढऱ्या वाळूवर पाय पसरून बसायचं असेल, जंगलात पायी हिंडायचं असेल तर मात्र सप्टेंबर.

कराडला प्रीतिसंगम रोज बघतो. तिथं म्हणे दोन नद्या शेजारी शेजारी वाहतात पण मिसळत नाहीत. फोटो खरा असतो का?
— कराड

खरा आहे हो. मनौसपासून थोडं खाली गेलं की काळी रिओ नेग्रो आणि चहात दूध जास्त झाल्यासारखी सोलिमोइंस, म्हणजे वरच्या अंगाची अमेझॉनच, भेटतात, आणि जवळजवळ ६ किलोमीटर एकाच पात्रात काळा पट्टा आणि तांबूस पट्टा असे शेजारी शेजारी जातात. होडी त्या रेघेवर नेऊन थांबवतात, हात पाण्यात घातला की एका बाजूला कोमट, दुसरीकडं गार, खरोखर कळतं. कारण साधं आहे. नेग्रो सावकाश, ताशी २ किलोमीटरच्या आसपास, आणि पाणी २८ अंशाचं, सोलिमोइंस ताशी ४ ते ६ आणि २२ अंशाची, त्यात ती अँडीज पर्वताचा गाळ घेऊन येते त्यामुळं पाणी जड. वेग वेगळा, तापमान वेगळं, वजन वेगळं, मग एकदम कसं मिसळणार.

नेग्रो काळी का, तर ती वाळूच्या जमिनीतून आणि सडलेल्या पानांतून येते, पानांचा अर्क उतरतो, चहाची पूड भिजत घातल्यासारखं. ग्लासात घेतलं तर कोऱ्या चहासारखं दिसतं. पाणी आम्लधर्मी असल्यामुळं त्यात डासांच्या अळ्या फार वाढत नाहीत, म्हणून नेग्रोच्या बाजूला डास कमी, हे राहायची जागा ठरवताना ध्यानात ठेवा.

प्रीतिसंगमाशी तुलना करायचीच तर आपली कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि मग काटकोनात वळून एकत्र जातात, असं जगात फार कुठं दिसत नाही, ते आपलं आपल्याजवळ आहे. तिथं भिडत नाहीत, शेजारून चालतात. चव्हाणसाहेबांच्या समाधीजवळ संध्याकाळी बसून जे वाटतं ते तिथं नाही वाटलं मला, तिथं छाती दडपते, कारण पलीकडचा काठ म्हणजे नुसती एक हिरवी रेघ.

मी ६३, मिसेस ५९. इंजेक्शन घ्यावं लागतं असं ऐकलं. टाळता येतं का?
— सातारा

काका, टाळायचं बघू नका. पीतज्वराची लस, यलो फीव्हरची. ब्राझीलला जाताना कुणी कागद विचारो न विचारो, परत येताना भारतात विचारतात, आणि सर्टिफिकेट नसेल तर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. आपल्या देशात तो पसरवणारा डास आहे पण तो आजार नाही, तो येऊ नये म्हणून एवढी कडक तपासणी, आणि ती बरोबरच आहे. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, गल्लीतल्या दवाखान्यात नाही, आणि सर्टिफिकेट लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं, म्हणून तिकीट काढल्या काढल्या नंबर लावा. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. जाताना इथिओपियावरून विमान बदलणार असाल तर तो देशही पीतज्वराच्या देशांच्या यादीत आहे.

पण तुमचं वय साठच्या पुढं आहे म्हणून आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोला. ही जिवंत विषाणूची लस आहे, साठीनंतर पहिल्यांदा घेताना क्वचित का होईना त्रास होण्याची शक्यता थोडी जास्त असते, आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील किंवा अंड्याची जोरात ॲलर्जी असेल तर देत नाहीत. डॉक्टर नको म्हणाले तर ऐका, ट्रिप दुसरीकडं न्या. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्यांनाच विचारा, ते तुम्ही जंगलात किती आत राहणार त्यावर ठरतं.

आम्ही शुद्ध शाकाहारी. तिथं नुसते मासे खातात म्हणे. आणि जायचं ठरतंय ते नेमकं आषाढी एकादशीच्या आठवड्यात, सासूबाई बरोबर आहेत. उपासाचं काय करू?
— वाई

ताई, हा प्रश्न वाचून मला इतका आनंद झाला! सासूबाईंना सांगा, आपण ज्या साबुदाण्यावर एकादशी काढतो त्याचं माहेरच ते आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा, अमेझॉनच्या नैर्ऋत्येकडच्या भागात हजारो वर्षांपूर्वी माणसानं पहिल्यांदा लावला. पोर्तुगीजांनी तो जगभर नेला आणि आज आपला बराचसा साबुदाणा तामिळनाडूत सेलमकडून येतो. तिथं त्याच कंदाच्या ओलसर सत्त्वाचा तव्यावर घावन टाकतात, त्याला तापिओका म्हणतात, तेल नाही, तूप नाही, तव्यावर पांढरी भुरभुरीत पूड पसरतात ती आपोआप धरते. आत ओलं खोबरं आणि केळं घालून मागा. सकाळी कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळतो. सासूबाईंना नक्की चालेल, तरी पीठ कशाकशात मळतात ते त्यांच्यासमोरच बघून घ्या म्हणजे त्यांच्या मनाला शंका नको.

जुन्या मार्केटच्या बाजूला त्या कंदाचं पीठ पोत्या-पोत्यांनी विकायला असतं, फारिन्या म्हणतात, पिवळं, रवाळ, भाजलेलं, ते लोक प्रत्येक घासावर भुरभुरतात. कडू जातीच्या कंदात विष असतं, सायनाइडच, म्हणून तो किसून, वेताच्या एका लांब विणलेल्या नळीत भरून, ती नळी ताणून पाणी पिळून काढतात, मग भाजतात. त्या नळीचं नाव तिपिती. हे शोधलं कुणी असेल, किती पिढ्या गेल्या असतील, मला तर ते त्या शहरातल्या कुठल्याही इमारतीपेक्षा मोठं वाटतं.

बाकी रोजचं. मनौसचा एक नाश्ता आहे, शीस काबोकिन्यो, पावात तुकुमा नावाच्या ताडफळाच्या केशरी चकत्या, चीज आणि तळलेलं केळं, बिनमांसाचा आणि पोटभरीचा. दुपारी वजनावर जेवण देणारी हॉटेलं शोधा, ताट आपणच वाढून घ्यायचं आणि काट्यावर ठेवायचं, भात, कोशिंबिरी, भाज्या, केळी डोळ्यांनी बघून घेता येतं. घेवड्याच्या आमटीत मात्र मांसाचा तुकडा असतो बऱ्याचदा, विचारल्याशिवाय घेऊ नका. नुसतं "मांस नको" म्हटलं तर कोंबडी आणि मासा त्यात धरत नाहीत, तिन्ही नावं घेऊन नको म्हणायचं, सें कार्नी, सें फ्रांगो, सें पेइशी. ताकाका नावाचं गरम पेय संध्याकाळी गाड्यावर दिसेल, त्यात सुकट कोळंबी असते, ते तुम्हाला नाही.

शेंगदाण्याचं कूट आणि चिवडा बरोबर न्या.

शाळेत शिकवतो, म्हणून विचारतोय. तिथं किती पाऊस पडतो? आमच्यापेक्षा जास्त?
— महाबळेश्वर

नाही सर, तुमच्या निम्माही नाही! मनौसला वर्षाला साधारण २३०० मिलिमीटर, महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर. पण तुमचा सगळा चार महिन्यांत कोसळतो आणि पुढं आठ महिने कोरडे, तिथला बारा महिने थोडा थोडा, कोरड्या म्हणतात त्या महिन्यांतही दुपारी एक सर येऊन जाते. वर्षावन होतं ते या सततच्या ओलाव्यामुळं, आकड्यामुळं नाही. वर्गात मुलांना कोयना-चांदोलीचं जंगल आणि अमेझॉन शेजारी ठेवून शिकवता येईल, आपल्याकडच्या झाडांना सात-आठ महिने तहान सोसायची सवय आहे, तिथल्या झाडांना उलट महिनोन्‌महिने बुडून राहायची. नेग्रोकाठच्या त्या बुडणाऱ्या जंगलाला इगापो म्हणतात. झाडं पाण्यात असतानाच फळं धरतात आणि मासे ती फळं खातात, तांबाकी नावाचा मोठा मासा तर रबराच्या बिया दातांनी फोडून खातो. होडीतून जाताना फळ पाण्यात पडल्याचा टप्प आवाज येतो आणि पाठोपाठ पाणी हलतं.

मिरजेत आमचं तंतुवाद्यांचं घराणं. त्या शहरात जंगलात ऑपेरा हाऊस आहे म्हणे, बघण्यासारखं आहे का?
— मिरज

आहे, आणि आतून बघा, गाइडेड टूर असते. तिआत्रो आमाझोनास, ३१ डिसेंबर १८९६ ला उघडलं. घुमटावर ब्राझीलच्या झेंड्याच्या रंगांच्या ३६ हजार फरशा, आत व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या काचेची झुंबरं, लोखंड स्कॉटलंडचं, म्हणजे जंगल दाराशी आणि लाकूड सोडून बहुतेक सगळं समुद्रापलीकडून आणलेलं. समुद्रातून जहाजं नदीनं थेट मनौसपर्यंत येतात, जवळजवळ दीड हजार किलोमीटर आत, त्यामुळं हे जमलं.

पैसा रबराचा. जगाला टायर पाहिजे होते आणि रबराचं झाड तेव्हा फक्त इथंच होतं, त्यामुळं काही वर्षांत शहर श्रीमंतीनं न्हालं. चीक गोळा करणारी माणसं मात्र मालकाच्या दुकानाच्या उधारीत जन्मभर अडकलेली, कर्ज फिटायचंच नाही, हे त्या झुंबरांखाली उभं राहून आठवलं पाहिजे असं मला वाटतं. १८७६ साली हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजानं सुमारे ७० हजार बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या, त्यातली रोपं श्रीलंकेत आणि मलायात गेली, तिथं ओळीनं मळे लावता आले, कारण अमेझॉनात रबराच्या झाडाला जो पानांचा रोग पडतो तो आशियात पोचला नव्हता. १९१० नंतर मनौसचा भाव पडला तो पडला. पुढं १९६७ ला करसवलतीचं क्षेत्र केलं तेव्हा कारखाने आले आणि गाव परत उभं राहिलं, आज तिथं टीव्ही आणि मोटरसायकली बनतात.

आणि एक सांगते, तिथला गाइड १८९६ म्हणाला तेव्हा माझ्या मनात आलं की आमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला नाटक उभं केलं होतं. झुंबर नव्हतं, राजाश्रय होता आणि गाणारी माणसं होती.

मुलगा सहावीत आहे, त्याला ॲनाकोंडा, जग्वार आणि स्लॉथ बघायचाय. दिसतील ना?
— तासगाव

जग्वार नाही दिसणार, त्याला आत्ताच सांगून ठेवा. ताडोबासारखं जीपमध्ये बसून वाघ बघायचा प्रकार नाही हा, जंगल इतकं दाट की दहा फुटांवरचं दिसत नाही. माकडं, पोपट, मकाव, रात्री बॅटरीच्या उजेडात मगरीच्या जातीतल्या केमनचे लाल डोळे, हे दिसतं. नदीतला गुलाबी डॉल्फिन दिसतो. झाडाच्या शेंड्यावर गोळा होऊन बसलेला स्लॉथ वाटाड्यानं दाखवला तर दिसतो.

पण मला एक कळकळीनं सांगायचंय. काही होड्यांवाले पर्यटकांना अशा ठिकाणी नेतात जिथं मुलं स्लॉथ, केमनचं पिल्लू, अजगर हातात घेऊन उभी असतात, गळ्यात घाला, फोटो काढा, पैसे द्या. माझ्या पहिल्या दिवसाच्या होडीनंही नेलं होतं. मी एका स्लॉथला हातात घेतलं. त्याची नखं माझ्या दंडाला धरून होती आणि तो थरथरत होता, मी तेव्हा हसून फोटो काढला, आणि नंतर कळलं की ते जंगलातून पकडून आणतात आणि बहुतेक फार जगत नाहीत. तो फोटो मी कुणाला दाखवत नाही. तुम्ही होडी ठरवतानाच सांगा की हातात प्राणी देणाऱ्या ठिकाणी थांबायचं नाही. मुलाला त्याऐवजी शहरातच संशोधन संस्थेचं एक उपवन आहे, बोस्की दा सिएन्सिया, तिथं न्या, आजारी-जखमी सापडलेले मॅनाटी ठेवलेत, त्यांना तिथं पेइशी-बोइ म्हणतात, म्हणजे मासा-बैल. आणि मुसा नावाच्या जंगल-संग्रहालयात ४२ मीटर उंच मनोरा आहे, पायऱ्या चढून गेलं की जंगल वरून दिसतं, क्षितिजापर्यंत. सकाळी लवकर, ऊन व्हायच्या आधी चढा.

इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मनौस ते नदीच्या मुखाजवळच्या बेलेंपर्यंत होडीनं, झोळीत झोपून जायचंय. जंगल भरपूर बघायला मिळेल ना?
— कराड

प्रवास भारी आहे पण जंगल बघायला म्हणून जाऊ नकोस. चार-पाच दिवस लागतात, आणि प्रवाहाबरोबर खाली जाणारी होडी पात्राच्या मध्यातून जाते, वेग मिळावा म्हणून, त्यामुळं काठ लांब राहतो. उलट, प्रवाहाविरुद्ध वर येणारी होडी काठाला धरून चालते, तिथं घरं दिसतात, पोरं वल्ही मारत येतात. म्हणजे जमलं तर आधी बेलेंला उतर आणि वर ये. दिवस जास्त लागतील.

झोळी स्वतःची लागते, बंदराजवळ विकत मिळते, दोऱ्या वेगळ्या घ्यायच्या. होडी सुटायच्या बऱ्याच तास आधी जाऊन जागा धर, संडासापासून आणि इंजिनापासून लांब. नंतर झोळ्यांवर झोळ्या येतात, शेजाऱ्याचं कोपर तुझ्या बरगडीत. बॅगेला कुलूप, पासपोर्ट अंगावर. रात्री गार लागतं, चादर ने. अर्ध्या वाटेवर सांतारें लागतं, तिथं उतरून दोन दिवस राहिलास तर बरं.

आमच्या भागात टँकर. अमेझॉनलाही दुष्काळ पडतो हे खरं आहे का, का बातम्या वाढवून सांगतात?
— जत

खरं आहे. मनौसच्या बंदरात १९०२ पासून पातळी लिहितात, त्यात २०२३ च्या ऑक्टोबरात सगळ्यात खालचा आकडा लागला आणि पुढच्याच वर्षी, २०२४ ला, तोही मोडला, १२ मीटरच्या जरा वर. २०२१ चे ३० आणि हे १२, तीन वर्षांत १८ मीटरचा फरक, साठ फूट धरा. प्रशांत महासागरातला एल निन्यो आणि वरून उत्तर अटलांटिकचं पाणी तापलेलं, यामुळं पाऊस सरकला. गावांना रस्ताच नाही, नदी हाच रस्ता, त्यामुळं पाणी गेलं की औषध नाही, शाळा नाही, आणि प्यायचं पाणीसुद्धा नाही, चिखलाचं मैदान तुडवून माणसं कॅन वाहत होती. तुम्हाला ते चित्र समजावून सांगायची गरज नाही. तेफे नावाच्या सरोवरात २०२३ ला पाण्याचं तापमान ३९ अंशांवर गेलं आणि शेकड्याच्या वर डॉल्फिन मेले.

मनौसजवळ पात्रातले खडक उघडे पडले तेव्हा त्यावर दगडात कोरलेले माणसांचे चेहरे दिसले, हजार वर्षांपूर्वीचे तरी असावेत असा अंदाज आहे. म्हणजे तेव्हाही कधीतरी पाणी एवढं खाली गेलं असणार, कुणीतरी तिथं बसून निवांत कोरलं असणार.

त्यामुळं ऑक्टोबरात जाणाऱ्यांनी निघण्याआधी पातळीची बातमी बघावी, फार खाली गेलं तर जंगलातल्या लॉजपर्यंत होडी पोचत नाही.

सांगलीतून निघून पोचायला किती वेळ, आणि इंग्रजी चालतं का?
— विश्रामबाग, सांगली

दारापासून दारापर्यंत दोन दिवस धरा. मुंबईहून थेट विमान नाही, आखातातून किंवा आफ्रिकेतून साओ पाउलो, तिथून मनौस आणखी चार तास. घड्याळ साडेनऊ तास मागे. व्हिसा आधी काढावा लागतो, नियम बदलतात म्हणून मुंबईच्या ब्राझील वकिलातीचं बघून घ्या. यूपीआय नाही, कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं. जुन्या भागात अंधार पडल्यावर पायी फिरू नका, गाडी बोलवा, फोन हातात मिरवू नका.

इंग्रजी फार कमी. पोर्तुगीज चालते, आणि तुम्हाला वाटतं तेवढी ती परकी नाही. मार्केटात पहिल्या सकाळी एका भाजीवालीनं टोपलीकडं बोट करून "बताता" म्हटलं आणि मी तिच्याकडं बघतच राहिले. पाव म्हणजे पांव, चावी म्हणजे शावी, बादली म्हणजे बाल्दी, सगळे शब्द गोव्यावरून आपल्याकडं आलेले. आणि काजू तर त्याहून लांबचा, तिथल्या तुपी लोकांचा शब्द, पोर्तुगीजांनी उचलला आणि झाडासकट कोकणात आणून लावला. मी तिला मराठीतच "अर्धा किलो" म्हटलं, तिला किलो कळलं, बोटं दाखवून बाकीचं झालं.